कंपनीची टीम संशोधनासाठी धावते, तेव्हा पैसे नेमके कुठे जातात?

रविवारी पहाटे पाचला बस सुटते. सहाला सगळे एकसारखे टी-शर्ट घालून रांगेत उभे असतात. आठला गळ्यात मेडल पडतं आणि नऊच्या आत फोटो स्टेटसला लागतात. खाली ओळ असते, ‘आमची टीम वैद्यकीय संशोधनासाठी धावली.’

पुण्यातल्या आयटी कंपन्या, बँका आणि चाकण-रांजणगावचे कारखाने यांमध्ये काम करणाऱ्यांना अशी ‘चॅरिटी रन’ आता नवी नाही. या नोकऱ्यांमध्ये जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली मुलंमुलीही आहेत. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर आणि पुढे चाकण, असा पुणे-नाशिक महामार्गावरचा हा कामाचा रस्ता. एचआरचा मेल येतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं मागवली जातात आणि टीम ठरते.

हेतू चांगला असतो, त्यावर वाद नाही. पण दोन साधे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. धावण्यातून जमलेल्या रुपयातले किती पैसे खरोखर संशोधनापर्यंत पोहोचतात? आणि ज्या आजारासाठी धावायचं, तो आजार कोण ठरवतं?

ही कल्पना आली कुठून?

संशोधनासाठी धावण्याच्या परंपरेत सगळ्यात मोठं नाव टेरी फॉक्सचं. कॅनडातल्या या मुलाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये कापावा लागला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला. रोज जवळपास एका मॅरेथॉनइतकं अंतर तो कापत होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कर्करोग फुप्फुसात पसरल्याने १ सप्टेंबर १९८० ला त्याला थांबावं लागलं. २८ जून १९८१ रोजी, वयाच्या २२ व्या वर्षी तो गेला.

कॅनडातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर कर्करोग संशोधनासाठी जमावा, एवढंच त्याचं उद्दिष्ट होतं. त्याच्या हयातीतच, फेब्रुवारी १९८१ पर्यंत ते पूर्ण झालं. रक्कम होती २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त. त्याच्या नावाची धाव सप्टेंबर १९८१ पासून सुरू झाली आणि पुढे भारतासह अनेक देशांत पोहोचली. तिच्या अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. स्पर्धा नाही, नोंदणी फी नाही आणि धावेच्या आडून कंपन्यांची जाहिरातबाजी नाही.

ब्रिटनमध्ये १९९४ साली लंडनच्या बॅटरसी पार्कात ६८० महिला कर्करोग संशोधनासाठी धावल्या. त्या पहिल्या ‘रेस फॉर लाइफ’मधून ३६ हजार पौंड जमले. आज ती ब्रिटनमधली निधी जमवणारी एक मोठी मालिका आहे.

ऑफिसच्या टीमची धाव मात्र वेगळ्या वाटेने आली. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका बँकेने ‘कॉर्पोरेट चॅलेंज’ सुरू केलं. एकाच कंपनीच्या लोकांनी एकत्र धावायचं, अशी ती कल्पना होती. महाराष्ट्रात २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनने या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये कंपन्यांच्या टीम फलक घेऊन उतरतात आणि त्यांच्या निमित्ताने सामाजिक संस्थांना देणग्या मिळतात.

पैसे येतात कुठून आणि जातात कुठे?

चॅरिटी रनमध्ये पैशांचे तीन वेगवेगळे डबे असतात. गोंधळ होतो तो हे तिन्ही एकच समजल्यामुळे.

पहिला डबा नोंदणी फीचा. ही फी आयोजकाकडे जाते. त्यातून रस्त्याची व्यवस्था, पाणी, रुग्णवाहिका, वेळ मोजणारी चिप, टी-शर्ट, मेडल यांचा खर्च निघतो. फी भरली म्हणजे देणगी दिली, असं नसतं.

दुसरा डबा देणग्यांचा. धावणारा माणूस मित्र, नातेवाईक, सहकारी यांच्याकडून संस्थेसाठी पैसे मागतो. संशोधनापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः हाच पैसा.

तिसरा डबा कंपनीचा. प्रायोजकत्व, फलक, बस, नाश्ता, टी-शर्टवरचा लोगो हे सगळं त्यातून होतं. काही कंपन्या ‘मॅचिंग’ करतात, म्हणजे कर्मचाऱ्यांनी जितके दिले तितकेच स्वतः घालतात. पण तसं आधी जाहीर केलेलं असेल तरच.

एक काल्पनिक हिशोब करून पाहू. समजा ५० जणांची टीम आहे. नोंदणी फी माणशी ८०० रुपये, म्हणजे ४० हजार. बस, टी-शर्ट, फलक आणि नाश्ता मिळून ६० हजार. कर्मचाऱ्यांनी देणगी दिली माणशी ५०० रुपये, म्हणजे २५ हजार. एकूण १ लाख २५ हजार रुपये हलले. संशोधनाकडे गेले २५ हजार, म्हणजे रुपयातले २० पैसे.

आता त्याच टीमने गावाजवळच्याच रस्त्यावर, घरातलेच टी-शर्ट घालून धाव घेतली आणि पाणी, प्रथमोपचार, परवानगी यांवर १५ हजार खर्च केले, असं धरा. उरलेले १ लाख १० हजार थेट संस्थेला देता येतात. म्हणजे रुपयातले ८८ पैसे. धावणारे तेच, खर्च झालेली एकूण रक्कम तीच, पण संशोधनाला मिळालेले पैसे चौपटीहून अधिक.

याचा अर्थ मोठ्या शर्यती वाईट असा नाही. हजारो लोक धावतात तिथे सुरक्षेचा खर्च होणारच. शिवाय मोठ्या शर्यतीत अनोळखी लोकही देणगी देतात. मुद्दा इतकाच की ‘आम्ही संशोधनासाठी धावलो’ हे वाक्य २० पैशांसाठीही खरं असतं आणि ८८ पैशांसाठीही. फोटो पाहून फरक कळत नाही.

हा खर्च कंपनीला सीएसआरमध्ये दाखवता येतो का?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठली की हा नियम लागू होतो. त्यालाच सीएसआर म्हणतात.

मॅरेथॉनबद्दल सरकारने सुरुवातीलाच भूमिका घेतली होती. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ रोजी काढलेल्या परिपत्रकात मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व अशा एकवेळच्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआर धरला जाणार नाही, असं नाव घेऊन सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. स्वतःच्या मालाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे उपक्रम सीएसआरच्या व्याख्येतूनच वगळण्यात आले.

म्हणजे टी-शर्टवर लोगो छापून टीम धाडली, तर तो जाहिरातीचा किंवा कर्मचारी कल्याणाचा खर्च झाला. त्यात चूक काही नाही, पण त्याला समाजसेवा म्हणता येत नाही. कर्मचाऱ्याने खिशातून दिलेले ५०० रुपयेही कंपनीचा सीएसआर नव्हेत.

गंमत अशी की वैद्यकीय संशोधनाला थेट पैसे द्यायला कायद्याने दार उघडं ठेवलं आहे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आरोग्यसेवा आहेच. त्याशिवाय सरकारी निधीवर चालणारे विज्ञान आणि वैद्यक क्षेत्रातले संशोधन प्रकल्प, सार्वजनिक विद्यापीठं आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या यंत्रणांखालच्या संस्था यांना दिलेली रक्कमही सीएसआर ठरते. धावेवरचा खर्च बसत नाही, पण धावेच्या निमित्ताने कंपनीने संशोधन संस्थेला दिलेला चेक बसू शकतो. म्हणूनच टीमने कंपनीकडे बस आणि फलकाऐवजी त्या चेकचा आग्रह धरायला हवा.

कर्मचाऱ्याला करसवलत मिळते का?

ज्या संस्थेला ‘८०जी’ची मान्यता आहे, तिला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळू शकते. पण तीन गोष्टी बघाव्या लागतात. एक, नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत मिळत नाही. आता नवीच प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. दोन, दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर सवलत नाही. तीन, संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मिळायला हवं. एचआरच्या क्यूआर कोडवर पैसे टाकले आणि पावती कुणाच्याच नावावर नाही, असं झालं तर सवलतही गेली आणि हिशोबही.

‘संशोधन’ म्हणजे नेमकं काय?

अनेक धावांच्या फलकावर ‘कर्करोगासाठी’ किंवा ‘हृदयरोगासाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यात तीन वेगवेगळी कामं मिसळलेली असतात. गरीब रुग्णाच्या उपचाराचं बिल भरणं ही मदत. तपासणी शिबिर किंवा माहितीपत्रकं ही जनजागृती. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही, ते शोधणं म्हणजे संशोधन. तिन्ही कामं गरजेची आहेत, पण पैसे एकाच्या नावाने मागून दुसऱ्यावर खर्च होणं योग्य नाही.

संशोधनाला दिलेल्या पैशांची एक अडचणही समजून घ्यायला हवी. यशाची हमी नसते. २०१४ मध्ये सोशल मीडियावर ‘आइस बकेट चॅलेंज’ची लाट आली होती. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेत लोकांनी ‘एएलएस’ या मज्जासंस्थेच्या आजारासाठी अमेरिकेतल्या एका संस्थेला ११.५ कोटी डॉलर दिले. त्या पैशांनी मदत केलेल्या संशोधनातून २०१६ मध्ये या आजाराशी संबंधित एक जनुक सापडलं. त्याच निधीतून मदत मिळालेल्या एका औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण पुढच्या मोठ्या चाचणीत ते उपयोगी ठरलं नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. पैसे वाया गेले का? नाही. हे औषध चालत नाही, हेही एक उत्तरच आहे. पण तीन महिन्यांत ‘रिझल्ट’ मागणाऱ्या देणगीदाराने संशोधनाला पैसे देऊ नयेत, हेही खरं.

संशोधन म्हणजे मोठ्या शहरातली मोठी प्रयोगशाळाच का?

नाही, आणि याची दोन उदाहरणं जवळचीच आहेत.

पहिलं रायगड जिल्ह्यातल्या महाडचं. १९८० च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात विंचूदंशाचे रुग्ण बारकाईने तपासले. विंचवाचं विष हृदयावर काय परिणाम करतं याच्या नोंदी ठेवल्या. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं ‘प्राझोसिन’ हे स्वस्त औषध विंचूदंशावर उपयोगी पडतं, हे त्यांनी दाखवलं. त्याआधी गंभीर विंचूदंशात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावत. हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांत छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली होती.

दुसरं उदाहरण आंबेगावच्या शेजारच्या शिरूर तालुक्यातलं. वढू इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. लहान मुलांच्या जुलाबावरची ‘रोटाव्हॅक’ ही भारतीय लस सहा हजारांहून जास्त बाळांवर तपासली गेली. त्या चाचणीची केंद्रं दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशी तीन होती. पुण्याचं काम वढूच्या परिसरात झालं. २०१६ मध्ये ही लस सरकारी लसीकरणात आली. देशभरातल्या बाळांना मिळणाऱ्या लसीमागे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या आईबापांनी दिलेली संमती आहे.

मग जुन्नर-आंबेगावच्या माणसाने कोणत्या आजारासाठी धावावं?

इथे दुसरा प्रश्न येतो. चॅरिटी रनचा आजार बहुतेक वेळा वरच्या कार्यालयात ठरतो. निवडला जातो तो आजार, जो देणगीदारांच्या ओळखीचा आहे. कर्करोग, हृदयरोग, मधुमेह. हे आजार गावातही आहेत आणि त्यांच्यासाठी पैसे लागतातच. पण गावाकडचे काही प्रश्न या यादीत क्वचितच येतात. त्यातला एक म्हणजे सर्पदंश.

पैसे देणाऱ्याला साप चावण्याची भीती नसते आणि ज्याला ती असते त्याच्याकडे देणगी मागायला कुणी जात नाही. त्यामुळे हा आजार मागे राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला ‘दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारां’च्या यादीत घेतलं, त्यातला ‘दुर्लक्षित’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

भारतातल्या मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास करणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’च्या २०२० मधल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने गेले. वर्षाला सरासरी ५८ हजार. मृत्यू सर्वाधिक असलेल्या आठ राज्यांत महाराष्ट्र नाही, पण इथला शेतकरी सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत होतात, म्हणजे ऐन पेरणी-लावणीच्या दिवसांत.

जुन्नर-आंबेगावचं चित्र यात नेमकं बसतं. पश्चिमेला भीमाशंकर-नाणेघाटाच्या बाजूला भातखाचरं आणि आदिवासी वाड्या, पूर्वेला ऊस, टोमॅटो, कांदा आणि द्राक्षं. रात्रीची वीज आली की पाणी धरायला अंधारात शेतात जावं लागतं. बिबट्याची भीती सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्या बातम्याही होतात. पायाखालच्या घोणसची बातमी होत नाही. ऊसतोडीला आलेली कुटुंबं कोपीत जमिनीवर झोपतात आणि मण्यार बहुतेक वेळा झोपलेल्या माणसालाच चावते. तिच्या दंशात दुखणं किंवा सूज फारशी नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, श्वास लागतो. साप चावलाय हे कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

या भागात कामही झालं आहे. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत अनेक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आहेत. सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये यासाठी त्यांनी मोहीम चालवली आहे.

सर्पदंशात अजून शोधायचं काय राहिलंय?

औषध आहे, ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं, मग संशोधन कशाला, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर औषधातच आहे.

भारतातली प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वापरली जातात. या विषाचा मोठा भाग तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतो. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे की काही प्रदेशांतल्या सापांच्या विषावर आणि या चारांबाहेरच्या काही विषारी सापांवर सध्याची लस कमी पडते. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतल्या सापांचं विष कसं आहे आणि त्यावर किती लस लागते, हा इथला प्रश्न आहे. त्याचं उत्तर इथल्या नमुन्यांतूनच मिळेल.

दुसरी उणीव आकड्यांची आहे. किती जणांना साप चावला, कोणता चावला, रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागला, वाचलेल्यांपैकी किती जणांच्या मूत्रपिंडाला किंवा हातापायाला कायमची इजा झाली, या नोंदी नीट असल्याशिवाय उपाय ठरत नाहीत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगण्यात आलं. नोंद ठेवायला माणसं लागतात, त्यांना प्रशिक्षण लागतं, घरोघरी जाऊन पाठपुरावा करावा लागतो. जीनोम प्रयोगशाळेच्या मानाने हे काम फार स्वस्त आहे. ५० जणांच्या टीमचे १ लाख १० हजार रुपये कर्करोगाच्या मोठ्या प्रकल्पात थेंबाएवढे ठरतील. पण तालुक्यातल्या सर्पदंशाच्या नोंदी ठेवणाऱ्या एखाद्या प्रकल्पात तेवढ्याने दिसण्याजोगं काम होऊ शकतं.

संशोधन होईपर्यंत माहीत असलेलं तरी पाळायला हवं. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि १०८ ला फोन करून लवकरात लवकर प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावं.

धावण्याऐवजी थेट देणगीच का देऊ नये?

हिशोबाने पाहिलं तर थेट देणगी हाच सर्वात कमी खर्चाचा मार्ग आहे. पण माणसं हिशोबाने वागत नाहीत. ‘५०० रुपये दे’ म्हटलं तर हात आखडतो. ‘मी दहा किलोमीटर धावणार आहे, माझ्यासाठी दे’ म्हटलं तर देतो. टेरी फॉक्सच्या आधीही कर्करोगासाठी देणग्या मागितल्या जात होत्या, पण लोक उठले ते त्याला रस्त्यावर पाहून. शिवाय टीम एकत्र सराव करते, कामाच्या जागेबाहेर एकमेकांना भेटते, तब्येतही सुधारते. हे फायदे खरे आहेत.

मात्र कामाच्या जागेची एक अडचण आहे. साहेबाने मागितलेली देणगी नाकारणं सोपं नसतं. कायम कर्मचाऱ्याला ५०० रुपये किरकोळ वाटतील, कंत्राटी कामगाराची ती दिवसाची मजुरी असू शकते. रविवार हीच ज्यांची शेतावर जायची एकमेव सुट्टी, त्यांना ‘टीम स्पिरिट’च्या नावाखाली पहाटे बोलावणं हेही एक ओझंच. नाव न देणाऱ्याची यादी फिरत असेल, तर ती देणगी स्वेच्छेची राहत नाही. पगारातून पैसे कापायचे असतील तर प्रत्येकाची लेखी संमती हवी.

टीमने आधी काय विचारावं?

१. फी, देणगी आणि कंपनीचा वाटा हे तीन आकडे वेगवेगळे सांगितले आहेत का? कंपनी ‘मॅचिंग’ करणार असेल तर लेखी सांगितलं आहे का?

२. पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यात जाणार? तिला ‘८०जी’ची मान्यता आहे का? सीएसआरचा पैसा घेणार असेल तर २०२१ पासून लागणारी ‘सीएसआर-१’ नोंदणी आहे का?

३. ते पैसे उपचारासाठी, जनजागृतीसाठी की संशोधनासाठी? संशोधनासाठी असतील तर कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधलं जाणार आहे?

४. प्रकल्पाला नीतिमत्ता समितीची परवानगी आहे का? रुग्णांवरची चाचणी असेल तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत सापडायला हवी. २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती कुणालाही ऑनलाइन पाहता येते.

५. वर्षभराने हिशोब आणि कामाचा अहवाल कोण देणार? अपयश आलं तर तेही सांगणार का?

६. आजार कुणी निवडला? टीममधल्या लोकांना विचारलं का?

यातला एकही प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या संस्थेकडे याची उत्तरं तयार असतात. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर तेच उत्तर समजावं.

हिशोब मागायची सवय गावाकडे आहेच

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. गावच्या यात्रेला वर्गणी काढली जाते. तमाशाला किती, बैलगाड्याच्या घाटाला किती, मंडपाला किती, हे सगळ्यांना कळावं लागतं. कुणी किती दिले हे स्पीकरवरून पुकारलं जातं, देवळाबाहेरच्या फळ्यावर लिहिलं जातं. यात्रा झाली की पंच हिशोब वाचून दाखवतात आणि शंभर रुपये देणारा माणूसही उभा राहून प्रश्न विचारतो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

कंपनीच्या धावेचा हिशोबही असाच जाहीर व्हायला हवा. फोटोखालच्या ओळीत आणखी एवढंच जोडावं लागेल, ‘एकूण इतके जमले, खर्च इतका झाला, संशोधनाला इतके गेले, आणि ते या कामासाठी.’ पुढच्या वर्षी कोणत्या आजारासाठी धावायचं, हे ठरवायला पाच मिनिटांची बैठक घेतली आणि त्यात मंचरच्या किंवा ओतूरच्या एखाद्याने सर्पदंशाचं नाव काढलं, तर त्यावरही विचार व्हावा.